परदेशी विद्यापीठाचे दार आणि दारावरचा माणूस

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त नेहरू नगर, भिलाई येथे झालेल्या पालक-माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



दुर्गकडून भिलाईकडे येताना जी. ई. रोडवर नेहरू नगर चौक लागतो. बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागण्याच्या दिवसांत भिलाईतल्या अशा चौकांतून फलकांचे पीक येते. शिकवणी वर्गांच्या यशवंतांची छायाचित्रे तर असतातच, पण त्यांच्या शेजारी ‘विदेशात एमबीबीएस’, ‘जर्मनीत मोफत शिक्षण’, ‘युरोपात करिअर’ अशीही अक्षरे झळकतात. फलक वाचणारा गृहस्थ बहुधा कारखान्यातून निवृत्त झालेला किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा असतो. सेक्टरमधले क्वार्टर सोडून त्याने स्वतःचे छोटे घर बांधलेले असते, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत असते आणि घरात सतरा-अठरा वर्षांचे मूल असते. त्या रकमेची आणि त्या मुलाच्या आयुष्याची गाठ ज्या माणसाच्या टेबलावर पडते, त्या माणसाविषयी आजचे हे विवेचन आहे.

युरोपातील उच्च शिक्षणाचा परदेशांत प्रसार करणे, विद्यार्थ्यांना तिकडे वळविणे, त्यांना माहिती देणे, हा आज एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला संस्था आहेत, संघटना आहेत, परिषदा आहेत. युरोपीय आंतरराष्ट्रीय शिक्षण संघटना ही त्या क्षेत्रातील व्यावसायिकांची संघटना १९८९ साली स्थापन झाली आणि तिचे कार्यालय ॲमस्टरडॅम येथे आहे. मात्र नेहरू नगरातल्या पालकाला या सगळ्यातला एकच माणूस दिसतो, टेबलापलीकडे बसलेला. तो कोणाचा माणूस आहे, त्याचा पगार कोण देतो, हे त्याच्या कोटावर लिहिलेले नसते. इथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

भिलाईला परदेशी शिक्षणाची ओळख या फलकांनी करून दिली असे मात्र नाही. ही ओळख गावाच्या जन्मापासूनची आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभीची क्षमता दहा लाख टनांची. त्या काळात रशियन तज्ज्ञ आपल्या कुटुंबांसह इथे राहत होते आणि इकडचे अभियंते व कामगार प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघातील कारखान्यांत जात होते. दुभाष्याच्या मदतीने शिकलेली भट्टीची भाषा पुढे हिंदीत, मराठीत, छत्तीसगढीत उतरली. १९७२ मध्ये उभारलेले मैत्री बाग हे त्या संबंधाचे आजही उघडे असलेले दार आहे, जरी आतल्या मुलांचे लक्ष मैत्रीपेक्षा वाघाकडेच अधिक असते.

त्या काळी सोव्हिएत शिक्षणाचा प्रसार करणारा मनुष्य कसा होता? तो दुकान मांडून बसलेला नव्हता. मॉस्कोत फेब्रुवारी १९६० मध्ये मैत्री विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव मिळाले. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी ते मुद्दाम काढले होते. तिथे शिकायला पैसे लागत नसत, उलट विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळे आणि पहिले वर्ष रशियन भाषा शिकण्यात जाई. या प्रसाराचे खरे साधन होते पुस्तक. मीर आणि प्रगती प्रकाशनांची स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तके मराठीतही येत. गणित, पदार्थविज्ञान, बालकथा, कादंबऱ्या असे सगळे त्यांत असे. ज्या घरात वर्तमानपत्राखेरीज विकतचा कागद येत नसे, तिथेही एखादे रशियन चित्रपुस्तक सापडे. हा प्रचार होता यात शंका नाही. सत्तेला आपली विचारसरणी पोचवायची होती. पण त्यात घराण्याची जमीन विकली जात नव्हती. देणारा कोण आणि त्याला काय हवे आहे, हे सर्वांना ठाऊक होते.

त्याही आधीच्या पिढ्यांचा अनुभव पाहिला, तर हा स्पष्टपणा आणखी ठळक दिसतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्याच्याकडून लिहून घेतला होता. लंडनचे शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्धवट सोडून यावे लागले. पुढे स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये परत गेले आणि १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. मिळाली. मधल्या काळात त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव घातले होते. या सर्व प्रवासात त्यांना कोणत्याही कार्यालयाने ‘समुपदेशन’ केलेले नाही. देणारे होते, अटी होत्या, आणि अटी कागदावर होत्या.

इरावती कर्वे यांचे उदाहरण याहून वेगळे आणि या विषयाच्या अधिक जवळचे आहे. त्या बर्लिनला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे, ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, त्यांना सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. पती दिनकर कर्वे यांनी मात्र ते घडवून आणले, कारण ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट करून आले होते. म्हणजे जर्मन विद्यापीठाचा ‘प्रसारक’ घरातच होता, आणि तिथले बोर्डिंग, थंडी, भाषा, प्राध्यापकांचा स्वभाव ही सारी माहिती त्याने स्वतः भोगून मिळविलेली होती. इरावतीबाईंना मार्गदर्शक मिळाले ते ऑयगेन फिशर. कवटीच्या असमानतेचा संबंध वंशाशी असतो, असे त्यांना सिद्ध करून हवे होते. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असा निष्कर्ष काढला. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. परदेशी विद्यापीठात जाऊन तिथल्या गुरूला मोजमापाने उत्तर देणारी ही विद्यार्थिनी कुठल्याही माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर शोभली असती. पण ती कोणत्याही माहितीपुस्तिकेमुळे गेली नव्हती.

मग माहितीपुस्तिका आल्या कुठून? त्यांचा उगम युद्धांच्या मधल्या काळात सापडतो. १९२५ मध्ये हायडेलबर्ग येथे विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची एक लहानशी खटपट सुरू झाली. तिच्यातून जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवा, म्हणजे ‘डाड’, उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी जगापासून तुटली होती, तिला पुन्हा जोडायचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये बॉन येथे ती संस्था नव्याने स्थापावी लागली. ब्रिटिश कौन्सिल १९३४ ची. भारत स्वतंत्र झाल्यावर लगेच, १९४८ मध्ये, तिने इथे काम सुरू केले. नेदरलँड्सची ‘नफिक’ १९५२ ची. ‘डाड’चे दिल्लीतील कार्यालय १९६० चे. हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. भिलाईत सोव्हिएत, राउरकेलात जर्मन, दुर्गापुरात ब्रिटिश, अशी पोलादाची स्पर्धा त्याच सुमारास चालली होती. मद्रासच्या आयआयटीला जर्मनीचे आणि मुंबईच्या आयआयटीला सोव्हिएत संघाचे साहाय्य मिळाले, तेही त्याच काळात. विद्या आणि भट्टी एकाच जहाजातून आल्या, असे म्हणायला हरकत नाही.

नव्वदीच्या दशकात चित्र पालटले. १९९८ मध्ये फ्रान्सने आपल्या उच्च शिक्षणाच्या जाहिरातीसाठी ‘एज्युफ्रान्स’ काढले, ज्याचे पुढे ‘काम्पुस फ्रान्स’ झाले. १९९९ मध्ये बोलोन्या येथे २९ युरोपीय देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी घोषणापत्रावर सह्या केल्या. तोपर्यंत जर्मनीचा ‘डिप्लोम’, इटलीची ‘लाउरेआ’, इंग्लंडची पदवी, यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. भारतीय विद्यार्थ्याला तर त्यांचा अर्थच लागत नसे. बोलोन्यानंतर पदवी, पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट अशी तीन पायऱ्यांची रचना रूढ झाली. एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासाला ६० क्रेडिट हे माप सर्वत्र आले. माल एकाच मापाने मोजला जाऊ लागला की बाजार भरतो. तसेच झाले. इंग्रजीतून शिकविणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले, २००४ पासून ‘इरॅस्मस मुंडुस’ शिष्यवृत्त्यांवर भारतीय मुले दोन-तीन देशांत मिळून एक पदवी घेऊ लागली, आणि त्या सगळ्याची माहिती देणाऱ्या माणसांची फळी उभी राहिली.

हे देश आपल्या मुलांना का बोलावतात, हा प्रश्न पालकाने विचारायलाच हवा. प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे आहे. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क हा विद्यापीठांच्या अर्थव्यवहाराचा आधारस्तंभ आहे. तिथला प्रसारक उघडपणे शुल्क भरणारा विद्यार्थी शोधतो. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शुल्क नाही. तिला म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकसंख्येसाठी कुशल हात हवे आहेत. फ्रान्सला भाषा आणि प्रभाव यांची काळजी असते. २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये असावेत, असे उद्दिष्ट राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी जाहीर केले आहे. जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९,००० हून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून भारतीयांचा गट सर्वांत मोठा झाला होता. यांतला कोणताही हेतू निंद्य नाही. मात्र हेतू बदलला की आमंत्रणाची भाषाही बदलते, हे प्रसारकाला ठाऊक असते आणि पालकाला नसते.

त्याची उदाहरणे ताजी आहेत. स्वीडनने २०११ च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आणि अशा विद्यार्थ्यांची संख्या एकदम खाली आली. फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करण्याची मुभा २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली, आणि जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्याची परवानगी काढून घेतली. नेदरलँड्समध्ये तर घरांची टंचाई इतकी झाली, की डिसेंबर २०२२ मध्ये शिक्षणमंत्र्यांनीच विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांची सक्रिय भरती थांबविण्याचे आवाहन केले. ज्या अधिकाऱ्याने काल मेळाव्यात टेबल लावून ट्यूलिपच्या देशाचे गुण सांगितले, त्यालाच उद्या गप्प बसण्याची सूचना येते. तो खोटे बोलला नव्हता. पण त्याची सत्यनिष्ठा त्याच्या सरकारच्या धोरणापुरतीच टिकू शकते. या व्यवसायातील प्रामाणिक माणसाचे खरे दुःख हेच आहे आणि त्याविषयी क्वचितच बोलले जाते.

असा प्रामाणिक माणूस दिवसभर करतो तरी काय? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की तो सभागृहात चित्रफीत दाखवितो आणि पेन वाटतो. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ ‘नाही’ म्हणण्यात जातो. जर्मनीचेच पाहा. ‘बारावी झाली, आता थेट जर्मनीत इंजिनियरिंग’ ही समजूत घेऊन मुले येतात. भारतातील बारावीच्या केवळ गुणपत्रिकेवर तिथल्या पदवी अभ्यासक्रमाला थेट प्रवेश बहुधा मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल, किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष चांगल्या रीतीने पूर्ण केले असेल, तरच वाट निघते. भिलाईसारख्या शिकवणीच्या गावात ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे. नंतर कागदपत्रांची पडताळणी येते. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ‘एपीएस’ प्रमाणपत्र आवश्यक झाले. खोट्या गुणपत्रिकांचा सुळसुळाट झाल्यावर खऱ्या गुणपत्रिकेच्या मालकालाही रांगेत उभे राहावे लागते, त्यातला हा प्रकार.

आणि ‘मोफत’ या शब्दाचा अर्थही तोच माणूस फोड करून सांगतो. शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे. दर सत्राला काही शेकडा युरोंचे अंशदान असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही अशा विद्यार्थ्यांना २०२४ पासून शुल्क लावले आहे. शिवाय राहण्याजेवण्याची ऐपत दाखविण्यासाठी व्हिसाआधीच एका बंद खात्यात वर्षाची रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो होती. रुपयांत ती दहा लाखांच्या वर जाते. ती रक्कम बुडत नाही, महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे परत मिळते. पण ती उभी करावी लागते, आणि ती उभी करताना कोणी घर गहाण ठेवणार असेल, तर ‘जरा थांबा’ म्हणणारा माणूस टेबलापलीकडे असायला हवा.

इथे पगाराचा प्रश्न पुन्हा येतो. ‘डाड’सारख्या संस्थेतील माणूस सल्ल्याचे पैसे घेत नाही, प्रवेशही देत नाही. प्रवेश विद्यापीठ देते. याच्या उलट खासगी सल्लागाराचे उत्पन्न बहुधा दोन ठिकाणांहून येते. पालक देतो ते दिसते. विद्यापीठ देते ते दिसत नाही. पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या दहा ते वीस टक्के दलाली हा या धंद्यातला सर्वसाधारण दर मानला जातो. आता हिशेब करून पाहावा. जर्मनीतील सरकारी विद्यापीठात शुल्कच नाही, मग टक्केवारी कशाची? म्हणून ते विद्यापीठ सहसा दलालीही देत नाही. खासगी महाविद्यालय वर्षाला लाखो रुपये शुल्क घेते आणि दलाली देते. अशा वेळी ‘जर्मनी’चा फलक पाहून आत गेलेला मुलगा कोणत्या महाविद्यालयाचे पत्र घेऊन बाहेर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. सल्ला देणारा लबाडच असतो असे नाही. काही सल्लागार अत्यंत मेहनती आणि सरळ असतात, आणि दूरच्या गावातल्या, इंग्रजी पत्रव्यवहाराला बिचकणाऱ्या कुटुंबाला त्यांचा मोठा आधार असतो. पण व्यवस्थाच अशी आहे की प्रामाणिकपणाची किंमत त्याला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते.

ही गोष्ट त्या व्यवसायालाही कळलेली आहे. मार्च २०१२ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड यांनी लंडन येथे शिक्षण-दलालांच्या नैतिक आचरणाची तत्त्वे एकत्रितपणे मान्य केली. ग्राहकाला सत्य माहिती द्यावी, हितसंबंध उघड करावेत, असा त्यांचा आशय आहे. तत्त्वे चांगली आहेत. नेहरू नगर चौकातील फलकावर ती अजून वाचायला मिळालेली नाहीत, एवढेच.

यात डोळ्यांत पाणी आणणारे प्रकरण युक्रेनचे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि जे शिक्षण राज्याकडून राज्याला दिले जात होते, ते शुल्काच्या बाजारात आले. इमारती त्याच, प्राध्यापक तेच, पण निवड करणारी समिती गेली आणि कंत्राटदार आला. भारतात खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे शुल्क ज्यांना झेपत नव्हते, अशा मध्यमवर्गीय घरांतील हजारो मुले युक्रेनला गेली. छत्तीसगढमधूनही गेली, विदर्भातूनही गेली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नवे नियम आले. परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवे, बारा महिन्यांची आंतरवासिता त्याच संस्थेत हवी आणि परतल्यावर भारतात आणखी बारा महिने. त्यापूर्वीपासूनच परतलेल्या डॉक्टरांना चाळणी परीक्षा होती आणि बहुतेक वर्षांत तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी राहिले आहे. ही संख्या कोणत्याही फलकावर नसते.

मग २४ फेब्रुवारी २०२२ चा दिवस उजाडला. खारकीव्हच्या तळघरांतून मुलांचे आवाज फोनवर येऊ लागले. ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेच्या काळात सुमारे २२,५०० भारतीय परत आले, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. कडाक्याच्या थंडीत पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियाच्या सीमेपर्यंत कित्येकजण चालत गेले. युद्धाचा दोष कोणा सल्लागाराला देणे अन्यायाचे होईल. परंतु मुलगा घरी सुखरूप आल्यावर जे दुसरे संकट सुरू झाले, त्याचे काय? मधल्या वर्षात अडकलेली पदवी, ऑनलाइन वर्गांना मान्यता आहे की नाही याची अनिश्चितता, इथल्या महाविद्यालयांत सामावून घेण्याची नियमात नसलेली तरतूद. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने या विद्यार्थ्यांना इतर देशांतील विद्यापीठांत शिक्षण पुढे चालू ठेवण्यास हरकत नसल्याचे कळविले. त्या मधल्या महिन्यांत पालकांना ज्या माणसाची गरज होती, तो प्रवेश मिळवून देणारा नव्हता, तर प्रवेशानंतर फोन उचलणारा होता. या व्यवसायाची परीक्षा विमानतळावर निरोप देताना होत नाही, ती अशा वेळी होते. काही जण या परीक्षेत उतरले, रात्ररात्र जागून बसेसची व्यवस्था लावीत राहिले. काहींचे फोन लागलेच नाहीत.

आता थोडे आपल्या शाळेविषयी. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला परदेशातील शिक्षण म्हणजे इंग्रजी शाळेतल्या मुलांचा प्रांत वाटतो. ब्रिटन, आयर्लंडपुरते ते काहीसे खरे आहे. परंतु जर्मनी, फ्रान्स, इटली इथे जाणाऱ्या मुलाची खरी कसोटी तिथल्या भाषेत लागते, आणि ती भाषा इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही पहिल्या अक्षरापासूनच शिकावी लागते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी घरमालक, दवाखाना, पोलिस कचेरी आणि पुढची नोकरी जर्मनमध्येच असते. भिलाईतील मराठी घरातले मूल घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, शेजाऱ्याशी छत्तीसगढी आणि पुस्तकात इंग्रजी असे वाढते. चार भाषांत हेलपाटे घातलेल्या जिभेला पाचवी जड जात नाही. मराठीत तीन लिंगे आहेत, जर्मनमध्येही तीन. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला टेबल पुल्लिंगी का, हे समजावून द्यावे लागते. ‘तो दगड, ती भिंत, ते झाड’ म्हणणाऱ्याला ते विचित्र वाटत नाही. पुण्यात जर्मन शिकण्याची मोठी परंपरा आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्समुल्लर भवनात शिकलेल्या कित्येकांची शाळा मराठी होती, हे इथल्या पालकांनी जाणून घ्यावे.

अडचण निराळ्याच ठिकाणी येते आणि ती शाळेच्या हातातली आहे. परदेशी विद्यापीठ, दूतावास, बँक आणि पडताळणी कार्यालय, या सर्वांना एकच नाव एकाच वर्णमालेत, एकाच क्रमाने हवे असते. मराठी रीतीप्रमाणे दाखल्यावर आधी मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असते. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव कधी पहिले, कधी शेवटचे. आधार पत्रावर वडिलांचे नाव गळालेले, पारपत्रावर एका अक्षराचा फरक. ‘देशपांडे’ रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिले गेलेले असते. मुलीच्या जन्मदाखल्यावर घरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरेच नाव, हेही घडते. जर्मन अधिकाऱ्याला हे एकच व्यक्तिमत्त्व आहे हे पटवून देण्यासाठी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील सूचना, प्रमाणित भाषांतर असे सव्यापसव्य करावे लागते, आणि त्यात एखादे सत्र निघून जाते. जुन्या मराठी दाखल्याचे प्रमाणित भाषांतर करून देणारा माणूस छत्तीसगढमध्ये शोधावाच लागतो.

परदेशी विद्यापीठाच्या प्रतिनिधीने कितीही चांगले काम केले, तरी हा कागद त्याला तयार करता येत नाही. तो शाळेच्या कचेरीत तयार होतो. साठ वर्षांची जनरल रजिस्टरे या शाळेच्या कपाटात आहेत. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, शाई कुठे निळी कुठे काळी आहे, आणि प्रवेशाच्या दिवशी आईने किंवा आजोबांनी तोंडी सांगितलेले नाव लिपिकाने जसे ऐकले तसे त्यात उतरले आहे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेने संगणक घेण्याचे ठरविले आहे असे समजते. त्यात सर्वप्रथम ती रजिस्टरे भरावीत, आणि यंदा पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना समोर बसवून नाव, वडिलांचे नाव व आडनाव मराठीत आणि रोमन लिपीत एकदाच, नीट, विचारून लिहून घ्यावे.